खिडकीतली प्रत

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग पावसाळा, मग निव्वळ आळस. पण एक विषय काही केल्या डोक्यातून जाईना, आणि तो मराठी घेऊन बी.ए. झालेल्या, पस्तीस वर्षं खडू झिजवलेल्या बाईने लिहावा असा मुळीच नाही. विषय आहे कॅशिंग प्रॉक्सी. हसू नका! पहिल्यांदा हा शब्द कानावर आला तेव्हा मलाही रोखीच्या व्यवहारातलं काहीतरी असेल असंच वाटलं होतं.

तर झालं असं. आमच्या शाळेला शंभर वर्षं झाली तेव्हा माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून जुने कागद स्कॅन करायचं ठरवलं. कागद म्हणजे वार्षिक हस्तलिखितं, स्नेहसंमेलनांची छायाचित्रं आणि कुणाच्या तरी उत्साहाने जनरल रजिस्टरंसुद्धा. ज्यांनी शाळेत काम केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, जात, जन्मतारीख, जन्मस्थळ, आधीची शाळा, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण आणि शेरा, एवढे सगळे रकाने ह्या एका रजिस्टरात असतात. शाळा सोडल्याचा दाखला ह्यातूनच निघतो. जातपडताळणीसाठी आजोबांची नोंद शोधत लोक येतात तेही ह्याच्याकडेच. आमची जुनी रजिस्टरं कसरीने खाल्लेली, हात लावला की पानाचा कोपरा हातात येणारी. स्कॅन करायलाच हवी होती. समितीत मी होते आणि हात वर करणाऱ्यांत मीही होते, हे आधीच कबूल करते.

हे सगळं ठेवायचं कुठे? तर ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये. ॲमेझॉनने मार्च २००६ मध्ये एस-थ्री नावाने ही सोय विकायला काढली आणि नंतर इतर कंपन्यांनीही त्याच धर्तीची कोठारं उघडली. आमचं कोठार त्यांतलंच एक. ह्यात आपल्या संगणकात असतात तसे कप्प्यात कप्पे खरे नसतातच. एक मोठी बादली, म्हणजे बकेट, आणि तिच्यात प्रत्येक वस्तूला एक लांबलचक नाव. नाव सांगा, वस्तू घ्या. ठेवणं स्वस्त असतं. पैसे लागतात ते बाहेर काढायला! ॲमेझॉनचा अमेरिकेतला दर बघितला तर महिन्याचे पहिले १०० जीबी फुकट आणि पुढे जीबीमागे साधारण ९ सेंट. आमच्या कोठाराचा दरही त्याच्याच आसपासचा.

आता गणित करू. मी गणिताची नव्हे, पण बदलीच्या तासाला पाठवलं की तेही शिकवत असे. छायाचित्रांच्या पानावर ६० फोटो, एकेक ८ एमबीचा. म्हणजे एकदा पान उघडलं की ४८० एमबी. शताब्दीच्या महिन्यात ते पान व्हॉट्सॲपवरून फिरलं आणि ५,००० वेळा उघडलं गेलं. झाले २,४०० जीबी. बिल सतरा-अठरा हजारांच्या घरात! आमच्या खजिनदारांचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. (फोटो आधी लहान करून ठेवावेत हे त्या वेळी कुणालाच सुचलं नाही. साधा उपाय सुचायला बहुधा बिल यावं लागतं.)

त्यावर तोडगा म्हणून समितीतल्या एका तरुण सभासदाने कोठाराच्या पुढे एक छोटा संगणक भाड्याने घेतला. महिन्याचं भाडं ठरलेलं, बाहेर जाणारी बरीचशी वाहतूक त्यातच धरलेली. त्यावर एंजिन-एक्स नावाचा प्रोग्राम बसवला. हा इगोर सिसोएव्ह ह्या रशियन माणसाने लिहून २००४ मध्ये लोकांना खुला केला आणि आज जगातल्या असंख्य संकेतस्थळांच्या दारात तोच उभा असतो. माझ्या लहानपणी गावच्या वाचनालयात ग्रंथपाल आत कपाटांपर्यंत जायचा कंटाळा करीत आणि लोक सतत मागतात ती पुस्तकं खिडकीतच टेबलावर रचून ठेवीत. तीच युक्ती. कुणी पहिल्यांदा फोटो मागितला की प्रॉक्सी कोठारातून आणतो, देतो आणि एक प्रत आपल्याकडे ठेवतो. दुसऱ्याने मागितला की आत जायचं कारण नाही, खिडकीतूनच देतो. खिडकीत सापडलं तर ‘हिट’, आत जावं लागलं तर ‘मिस’. बिल पुढच्याच महिन्यात दोन-तीनशेवर आलं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

फरक एकच होता, आणि तो आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आला नाही. वाचनालयाचे ग्रंथपाल खिडकीतलं पुस्तक देतानाही तुमचं वर्गणीचं कार्ड बघत.

रजिस्टरं अर्थातच सगळ्यांना खुली नव्हती. कोठार बंद होतं. ज्याला नोंद हवी त्याने समितीला कळवायचं, मग त्याला एक सहीचा दुवा मिळायचा. म्हणजे पत्त्याच्या शेपटीला आकडे-अक्षरांची एक माळ, जी गुप्त किल्ली वापरून तयार केलेली असते. किल्ली स्वतः कुठे जात नाही, फक्त तिने केलेली सही जाते. कोठार ती सही तपासतं, मुदत बघतं, मगच पान देतं. ॲमेझॉनच्या पद्धतीत असा दुवा फार तर ७ दिवस चालतो; आमचा एक तास चाले. व्यवस्था चोख होती, पण दर वेळी सही वेगळी, म्हणून पत्ता वेगळा, म्हणून प्रॉक्सीला प्रत्येक मागणी नवीच वाटे. एकसारखे ‘मिस’. तेव्हा त्या तरुण सभासदाने प्रॉक्सीला सांगितलं की प्रतीवर नाव घालताना शेपटी सोडून दे, नुसतं पानाचं नाव घाल. ‘हिट’ वाढले. पुन्हा टाळ्या. मीसुद्धा वाजवल्या, काय वाजवते आहे ते न कळता.

आणि मग गेल्या पावसाळ्यात एक फोन आला.

माझीच एक विद्यार्थिनी, १९८३ साली आठवीतून शाळा सोडून गेलेली. पुढे बाहेरून शिकली, नोकरीला लागली, आता वरच्या हुद्द्यावरून निवृत्त व्हायला आली आहे. म्हणाली, "बाई, माझं रजिस्टरचं पान कुणीतरी ग्रुपवर टाकलंय. काढाल का?" पान कुणी काढलं असेल? तिच्याच पानावर आणखी वीसेक मुलांच्या नोंदी आहेत. त्यातल्या एकाने स्वतःची नोंद मागितली, रीतसर दुवा मिळाला, आणि गंमत म्हणून त्याने तो पुढे ढकलला. तिच्या ओळीत वर्तणुकीच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘समाधानकारक नाही’. ते अक्षर माझं आहे. त्या वर्षी कारकून दोन महिने रजेवर होते आणि नोंदी मी करत होते. ती मुलगी सारखी गैरहजर राही, कारण विचारलं की काहीबाही सांगे. आई अंथरुणाला खिळली होती हे मला फार उशिरा कळलं, तोवर शाई वाळली होती.

मी तिला म्हटलं, "आजच काढते." आणि खरंच त्याच दिवशी समितीला सांगून ते पान कोठारातून काढायला लावलं. तिला उलट फोन करून सांगितलं, "काढलं गं." दोन दिवसांनी तिचा पुन्हा फोन. "बाई, अजून दिसतंय."

समितीत कुणी म्हणालं, तिच्याच फोनमध्ये जुनं राहिलं असेल. शक्य होतं. म्हणून मी शेजारच्या मुलीच्या फोनवर तो दुवा उघडला. त्या मुलीचा आमच्या शाळेशी काडीचा संबंध नाही. पान उघडलं! वर्तणुकीचा रकाना सुद्धा ठळक. एक तासाची मुदत संपून आठवडा झालेला, कोठारात पान नाही, तरी उघडलं.

तेव्हा मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. मागच्या बाकावर बसून वहीत चित्रं काढायचा, आता पुण्यात हेच काम करतो. त्याने दहा मिनिटांत सांगितलं. मला ते तीनदा सांगावं लागलं, ते सोडा. म्हणाला, "बाई, सही तपासतं कोण? कोठार. पण ‘हिट’ झाला की कोठाराला कुणी विचारतच नाही. मग सही बरोबर की चूक, मुदत संपली की नाही, हे बघणारं कुणी उरतच नाही. आणि शेपटी तर तुम्ही नावातूनच काढून टाकली. एकदा कुणी रीतसर पान मागितलं की पुढे तीस दिवस ते सगळ्यांचं."

तीस दिवस का? तर प्रतीची मुदत तीस दिवस ठेवली होती. बिल कमी यावं म्हणून.

त्याने समजूत घातली की ह्या चुकीत भल्याभल्यांचे हात भाजले आहेत. २५ डिसेंबर २०१५ ला, ऐन नाताळात, स्टीम ह्या खेळांच्या मोठ्या दुकानात कॅशची मांडणी चुकली आणि लोकांना आपल्या खात्याऐवजी दुसऱ्याच कुणाच्या खात्याची पानं दिसू लागली. कंपनीने स्वतः दिलेला आकडा साधारण ३४ हजार लोकांचा आहे. तिथे कुणी चोर आत शिरला नव्हता. खिडकीतल्या माणसाने एकाचं पाकीट दुसऱ्याच्या हातात ठेवलं, एवढंच. माझं समाधान काही झालं नाही. स्टीमच्या लोकांनी त्या मुलीला "काढलं गं" असं सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं.

मग त्याने दोन रविवार घालवून सगळं नव्याने मांडलं आणि मी शेजारी खुर्ची टाकून बसले. मला कळलं तेवढं सांगते, कारण छोट्या संस्थांना हे उपयोगी पडेल असं वाटतं.

आधी विचारपूस खिडकीत आणली. प्रॉक्सी आता प्रत्येक मागणीला आधी एका छोट्या प्रोग्रामकडे जाऊन विचारतो, हा माणूस कोण, ह्याला हे पान बघता येतं का. होकार आला तरच पुढे. मग वस्तू खिडकीत असो की कोठारात. एंजिन-एक्समध्ये ह्याची सोय आहे आणि ती प्रतींचा गठ्ठा उघडण्याच्या आधी चालते, हे महत्त्वाचं. कोठाराकडे जाताना सही आता प्रॉक्सी स्वतः करतो, वाचणाऱ्याला तिची झळ लागत नाही. कोठाराशी बोलणंही बंद पाकिटातून, आणि समोर खरंच आपलंच कोठार आहे ना हे त्याचं प्रमाणपत्र तपासून. ते तपासायला आधी कुणी सांगितलंच नव्हतं!

मग किल्ली. जुन्या मांडणीत त्या भाड्याच्या संगणकावर ठेवलेली किल्ली कोठारातलं सगळं वाचू शके, लिहू शके, पुसूसुद्धा शके. कशाला? "एकच करून ठेवली, सोपं पडतं," म्हणून. मागच्या बाकावरचा ह्यावर चिडला. त्याने मला २०१९ ची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेने त्या वर्षी जुलैमध्ये जाहीर केलं की अमेरिकेतल्या सुमारे १० कोटी आणि कॅनडातल्या सुमारे ६० लाख लोकांची माहिती बाहेर गेली. कोठार बंदच होतं. पण दारात ठेवलेल्या रक्षक संगणकाची मांडणी चुकली होती. बाहेरच्या व्यक्तीने त्यालाच फसवून आतून तात्पुरत्या किल्ल्या मागवून घेतल्या, आणि त्या किल्ल्यांना गरजेपेक्षा कितीतरी जास्त बादल्या उघडत होत्या. पुढच्या वर्षी बँकेला ८ कोटी डॉलरचा दंड झाला. म्हणून आता आमच्या प्रॉक्सीकडची किल्ली फक्त वाचण्यापुरती, आणि तीही हस्तलिखितं नि छायाचित्रं ज्या बादलीत आहेत तेवढ्यापुरती. रजिस्टरं वेगळ्या बादलीत, वेगळ्या किल्लीने.

आणखी एक गोष्ट मला स्वतः बघून धक्का देणारी वाटली. प्रॉक्सी ज्या प्रती ठेवतो त्या त्या संगणकाच्या तबकडीवर साध्या फायली असतात. नावं मात्र चित्रविचित्र, नुसते आकडे आणि अक्षरं. त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं, कुलूप आहे. त्याने त्यातली एक उघडून दाखवली. वर चार ओळी कसल्यातरी, आणि खाली १९८३. कुलूपबिलूप काही नाही.

इथवर समितीला सगळं पटलं. वाद झाला तो पुढच्या मुद्द्यावर, आणि त्यासाठीच खरं तर हा लेख लिहिते आहे. समितीचं म्हणणं, आता विचारपूस पक्की झाली, मुदत तीस दिवसांवरून एक तासावर आणली, मग रजिस्टरंही ह्याच खिडकीतून द्यायला काय हरकत? माझं म्हणणं, विचारपूस कितीही पक्की असू दे, रजिस्टरच्या पानाची प्रत खिडकीत असायचं कारणच काय? स्नेहसंमेलनाचा फोटो पाच हजार लोक बघतात, त्याची प्रत हाताशी ठेवण्यात शहाणपण आहे. एका मुलीच्या शाळा सोडण्याची नोंद दहा वर्षांत एकदा कुणीतरी मागणार. तिथे वाचणार किती? वर्षाला दहा रुपये? आम्ही फोटोसाठी केलेली सोय रजिस्टरलाही लावली, कारण लावणं सोपं होतं आणि न लावायला वेगळी ओळ लिहावी लागली असती. कुठली गोष्ट हाताशी ठेवायची हे आपण ठरवायला हवं होतं. आम्ही ते बिलाला ठरवू दिलं.

एक सभासद म्हणाले, "बाई, शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदीत कसलं आलंय गुपित?" १९८३ ला शंभर वर्षं झालेली नाहीत एवढंच मी म्हटलं. जातीच्या रकान्याबद्दल बोलायची गरज पडली नाही. २०२३ साली आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा संमत झाला. त्यात आपली माहिती दुरुस्त करून किंवा पुसून मागण्याचा हक्क आहे. तो आमच्यासारख्या समितीला कसा लागू होतो हे वकील सांगतील. पण कुणी पुसून मागितलं आणि आपण ‘पुसलं’ म्हणालो, तर ते कुठेकुठे पुसायला हवं होतं ह्याची यादी तरी आपल्याकडे असावी की नाही? त्या दिवशी आमच्याकडे ती नव्हती.

मी सुचवलं की रजिस्टरं संगणकावरून देणं बंदच करा. पूर्वीसारखा कचेरीत अर्ज करावा, कारकुनाने पान काढावं, तेवढीच ओळ लिहून द्यावी. त्यावर परदेशात असलेला एक माजी विद्यार्थी बैठकीत (फोनवरून) म्हणाला, "मॅडम, मला कागदपत्रांसाठी नोंद हवी होती तेव्हा त्यासाठी तिकीट काढून यावं लागलं असतं." त्याचं खरं होतं. मग मी म्हटलं, ईमेलने पाठवा. तर मागच्या बाकावरचा हसला. "बाई, ईमेल ही तर सगळ्यात वाईट कॅश. पाठवणाऱ्याकडे एक प्रत, घेणाऱ्याकडे एक, मुदत कुणालाच नाही आणि परत मागवायची सोयही नाही." ह्यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. पस्तीस वर्षं ज्याला गप्प बस म्हणत आले त्याने मला गप्प केलं!

शेवटी ठरलं ते असं. रजिस्टरची अख्खी पानं कुणालाच द्यायची नाहीत. मागणाऱ्याची ओळ तेवढी कापून, त्याची ओळख पटवून, त्याला एकदा दाखवायची. ती वाट प्रॉक्सीतून जाते, पण प्रॉक्सीने तिची प्रत ठेवायची नाही, आणि वाचणाऱ्याच्या ब्राउझरलाही तसंच सांगायचं. त्याने फोटो काढून ठेवला तर आपला इलाज नाही. निदान तो त्याच्या स्वतःच्या ओळीचा असेल. पानं कापायचं काम अफाट आहे. आम्ही चार निवृत्त माणसं रोज दुपारी बसतो, १९६० पर्यंत आलो आहोत.

त्या दिवशी त्याने माझ्यासमोर प्रतींचा सगळा गठ्ठा पुसला आणि तो दुवा पुन्हा उघडला. आधी ‘मिस’, मग ४०३, म्हणजे प्रवेश नाही. मी म्हटलं, पुन्हा कर. त्याने पुन्हा केलं. तिसऱ्यांदा सांगायला लाज वाटली, तरी सांगितलं.

मग तिला फोन केला. ह्या वेळी "काढलं गं" एवढंच न म्हणता काय झालं होतं ते सगळं सांगितलं, आणि ते अक्षर माझं होतं हेही. ती थोडा वेळ गप्प राहिली. म्हणाली, "मला ठाऊक होतं बाई, तुमचा ‘ध’ ओळखते मी."

१९८२ च्या हस्तलिखितात तिची एक कविता आहे, विहिरीवर. ती सगळ्यांना खुल्या असलेल्या भागात आहे आणि चांगली आहे. मी विचारलं, ती तरी राहू दे का? ती म्हणाली, "बघते, सांगते." अजून फोन आलेला नाही. तोवर ते पान बंद ठेवलं आहे, आणि शेजारच्या मुलीच्या फोनवर मी स्वतः बघून घेतलं आहे.